रुखवतातलं पाणी

माझ्या ताईच्या लग्नात रुखवतावर पाण्याचा एक रेणू मांडला होता आणि तो मी लाडवांचा केला होता.

असं कुणी करत नाही, हे मलाही कबूल आहे. पण माझा नाइलाज होता. बारावीच्या सहामाहीत केमिकल बॉण्डिंगच्या धड्यात मी असा काही आपटलो की केमिस्ट्रीच्या सरांनी माझ्या जर्नलवर सही करायचंच नाकारलं. "आधी रेणूचं मॉडेल कर, मला समजावून सांग, मग सही!" सही नाही तर प्रॅक्टिकल नाही, आणि प्रॅक्टिकल नाही तर बारावी गेली! त्यात हेच सर निघाले ताईच्या होणाऱ्या नवऱ्याचे सख्खे काका. (आमच्या उस्मानपुऱ्यात स्थळ जुळवताना पत्रिका बघतात, नोकरी बघतात, मुलीच्या भावाचे मार्क कुणी बघत नाही, म्हणून जमलं.)

मी विचार केला, सर लग्नाला येणार, रुखवत बघणार, मग मॉडेल तिथंच मांडावं! बेसनाचा मोठा लाडू म्हणजे ऑक्सिजन, रव्याचे दोन छोटे म्हणजे हायड्रोजन. कोनमापक लावून मधला कोन मोजला. ऑक्सिजनजवळच्या, कुणालाच न दिलेल्या इलेक्ट्रॉनच्या दोन जोड्या, म्हणजे लोन पेअर, दाखवायला दोन काड्या नुसत्याच खोचून ठेवल्या. (काड्या खराट्याच्या होत्या, हे घरात आजतागायत कुणाला माहीत नाही.) हात सुटला म्हणून शेजारी एक मिथेनही केला.

लग्नाच्या सकाळी गोदाआत्या रुखवतापाशी आली. आत्याचं शिक्षण चौथी, अधिकार पंतप्रधानांचा.

"इज्या, ह्ये काय करायलास?"

"पाणी आहे आत्या."

"लाडवाचं? आन् तीनच? आरं, तीन तिघाडा काम बिघाडा! लगनाचं घर हाय ह्ये!"

"आत्या, पाण्यात तीनच असतात. हात लावू नकोस!" असं बजावून मी कपडे बदलायला गेलो. आयुष्यात जेवढे म्हणून शहाणपणाचे निर्णय घेतले, त्यात हा बसत नाही.

परत येतो तर वरपक्ष रुखवतापुढं हजर. विहीणबाई मिथेनवर वाकल्या होत्या.

"हे काय म्हणायचं?"

"मिथेन!" मी छाती काढून म्हणालो. "गोबरगॅसमध्ये असतो तो!"

लेकीच्या रुखवतात गोबरगॅस ठेवणारे आम्ही मराठवाड्यातले पहिलेच असणार. नटूनथटून बसलेल्या ताईनं माझ्याकडं असं बघितलं की मी लगेच पाण्याकडं वळलो.

बघतो तर काय! पाण्याला तीन हायड्रोजन लागले होते!

"विजय," सर चष्मा पुसत म्हणाले, "हे काय आहे?"

"पाणी, सर."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. डोळ्यांपुढं कोरं जर्नल नाचू लागलं.

"मी लावला तो!" आत्या पुढं आली. "तीन लाडू लई अशुभ. मदल्या लाडवाला दोन काड्या रिकाम्याच हुत्या. म्हन्लं, त्याच्यापाशी हाय तर दिऊ दे की! एकीवर खोचला."

सर आत्याकडं बघतच राहिले. "आणि नव्या लाडवानं काय आणलं?"

"त्यो काय आननार? पाव्हना मोकळ्या हातानं आला म्हनून उपाशी ठिवायचा व्हय?"

"वा!" सर जवळजवळ ओरडलेच. "विजय, ऐकलंस? दोन्ही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनचे, येणाऱ्याचा एकही नाही! हाच कोऑर्डिनेट बॉण्ड. हा झाला हायड्रोनियम! वर्षभर मी घसा कोरडा केला, आणि यांनी..."

आत्यानं पदर सावरला आणि सरांना तोच लाडू काडीवरून काढून खायला दिला. सरांनी खाल्लासुद्धा! दुसऱ्या दिवशी जर्नलवर सही मिळाली. मला इतका आनंद झाला की मी आत्याच्या पाया पडलो आणि महिनाभर हायड्रोनियम घोकला.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सर माझ्या मागंच उभे होते. समोर बाहेरगावचे परीक्षक. त्यांनी शांतपणे विचारलं, "पाण्याच्या रेणूला तिसरा हायड्रोजन का जोडला जातो?"

देवाशपथ सांगतो, उत्तर मला तोंडपाठ होतं. लोन पेअर, कोऑर्डिनेट बॉण्ड, सगळं! मी तोंड उघडलं आणि खणखणीत आवाजात म्हणालो,

"सर, तीन तिघाडा काम बिघाडा!"

ताईचं लग्न तोवर लागून गेलं होतं, म्हणून बरं!