हजेरीपटावरचं वय

माझ्या नोकरीचं नाव परिवीक्षा अधिकारी. हा शब्द न अडखळता उच्चारणारी माणसं मला अख्ख्या नोकरीत चार-दोनच भेटली, आणि त्यातलं एकही मंत्रालयातलं नव्हतं. गावोगावचे लोक मला ‘उमर विचारणारा साहेब’ म्हणत. ते बरोबरच होतं. पोलिसांनी एखादं पोर पकडलं की त्याच्या गावी जायचं, आईबापाशी बोलायचं, वय काय, शाळा कुठली, संगत कोणाची ते लिहून कोर्टाला अहवाल द्यायचा, एवढंच माझं काम. वडील माजरीच्या खाणीत लोडर होते. पोरगा साहेब झाला म्हणून त्यांनी वस्तीत बुंदी वाटली होती. मी नक्की कसला साहेब झालो हे त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, आणि ते एका अर्थी बरंच झालं.

ऐंशीच्या दशकाचा शेवटशेवटचा काळ. दिल्लीने मुलांसाठी नवा कायदा केला होता. सोळा वर्षांच्या आतल्या मुलाला तुरुंगात ठेवायचं नाही, म्हणजे कोणत्याही कारणाने नाही. त्याला निरीक्षणगृहात ठेवायचं, तिथे शिकवायचं, घरी पाठवता येईल तितक्या लवकर पाठवायचं. कायदा चांगला होता. आमच्या कचेरीत तो मी एकट्यानेच वाचला होता, कारण आलेली एकुलती एक प्रत माझ्या कपाटात होती आणि ती कोणी कधी मागितली नाही.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन आटोपलं की आमदारांच्या समित्या विदर्भ पाहायला निघत. थंडी छान असते, विश्रामगृहं रिकामी असतात, आणि भत्ता चालू असतो. त्या वर्षी एक समिती नव्या कायद्याची अंमलबजावणी तपासायला आमच्याकडे येणार असं पत्र आलं. सोबत प्रश्नावली होती. त्यातला नववा प्रश्न, ‘कारागृहातील सोळा वर्षांखालील मुलांची संख्या.’

आमच्या साहेबांनी मला बोलावून पेन्सिलीने त्या रकान्यावर टकटक केलं.

“इथे निरंक लिहा.”

“एक आहे, सर.”

“कोर्टाच्या कागदावर त्याचं वय किती?”

“अठरा.”

“मग?”

साहेबांची सगळी बुद्धी त्या ‘मग’मध्ये होती. त्यापुढे त्यांच्याकडे काही नव्हतं. मी निरंक लिहिलं नाही, रकाना कोरा ठेवून कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. माझं शौर्य तेवढंच. दुसऱ्या दिवशी लिपिकाने सुंदर अक्षरात निरंक लिहिलेलं मी पाहिलं.

तो एक म्हणजे चामोर्शीच्या पलीकडच्या एका गावचा ढिवराचा पोरगा. गावच्या तलावात त्याच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरलेले. त्या वर्षी तलाव बाहेरच्या ठेकेदाराने घेतला आणि पाळीवर, म्हणजे बांधावर, राखणदार बसवला. एका सकाळी गावातले तिघे मोठे बाप्ये आणि हा पोरगा जाळं घेऊन उतरले, राखणदार धावून आला, झटापटीत त्याचं डोकं फुटलं. बाप्ये पळाले. पोरगा पळाला नाही, कारण जाळं पाण्यात होतं आणि ते त्याच्या मेलेल्या बापाचं होतं. ते ओढून काढेपर्यंत तो सापडला. चोरी आणि मारहाण अशी दोन कलमं लागली. तो भाग तोडून नवा जिल्हा झाला होता, पण आरोपी ठेवायला जुन्याच जिल्ह्याच्या गावी आणत, म्हणून तो आमच्या तुरुंगात आला. जामीन राहायला कोणी नव्हतं.

मी त्याला पहिल्यांदा भेटलो तेव्हा वय विचारलं. “अठरा,” तो म्हणाला. आवाजही फुटला नव्हता. बराकीत एका बाजूला खुनाचा आरोपी, दुसऱ्या बाजूला सागवानचोर, आणि मधे हा, आखूड बाह्यांचा सदरा घालून अठरा वर्षांचा. सरकारी डॉक्टरने टेबलाच्या पलीकडूनच त्याला पाहून ‘अठराच्या वर दिसतो’ असा दाखला दिला होता. क्ष-किरणाची फिल्म संपलेली होती. तपासायचे म्हटले असते तर दात होते, पण त्यासाठी डॉक्टरला खुर्चीतून उठावं लागलं असतं.

मी त्याच्या गावी गेलो. आई कुडाच्या भिंतीला पांढरी माती लावत होती. तिने हात पुसले, मला बाज टाकून दिली, आणि मी विचारल्यावर सरळ सांगितलं.

“चौदा वर्साचा हाय जी. तलावाची पाळ फुटली ना, त्या पावसाळ्यातला. पानी घरात आन् मी बाळंतीन.”

“मग तो अठरा का सांगतो?”

ती थोडी हसली. “मीच शिकवलं, भाऊ. रोजगार हमीच्या कामावर बारक्या पोट्ट्याले घेत नाई ना.”

बाप गेल्यावर तिने पोराला रस्त्याच्या खडीवर नेलं होतं. मुकादमाने विचारलं, वय? तिने सांगितलं, अठरा. मुकादमाने मान वर न करता हजेरीपटावर लिहिलं. त्या सडकेवर काम करणारं एकही पोर अठराच्या खालचं नव्हतं. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत, पार जिवतीच्या डोंगरापर्यंत, त्या हजेरीपटांवर पोरं एका दिवसात अठरा वर्षांची होत आणि पुढे कित्येक वर्षं अठराचीच राहत. हे सगळ्यांना माहीत होतं. पोलिसांनी खटल्याच्या कागदांना हजेरीपटाची नक्कल जोडली, तेव्हा कोणाला हसू आलं नाही.

मी तिथून थेट पाटबंधारे खात्याच्या उपविभागात गेलो. तीन दिवस धूळ खाल्ली आणि पाळ फुटल्यानंतरच्या दुरुस्तीचं पत्र शोधून काढलं. साल बरोबर जुळत होतं, पोरगा चौदाचाच. कोर्टात अर्ज दिला. कोर्टाने पुढची तारीख दिली, मग त्याच्या पुढची. पण समितीने तोंडातून एक शब्द जरी काढला असता, तर तोच पोरगा आठवड्यात तुरुंगातून निरीक्षणगृहात हलला असता. समितीपुढे साऱ्या जिल्ह्याची पाचावर धारण बसते, हे मी पाहिलं होतं. म्हणून मी पोराच्या आईला निरोप पाठवला की अमुक दिवशी या, मोठे साहेब येणार आहेत, तुम्हाला विचारतील, घाबरू नका.

काय सांगायचं ते मात्र मी तिला सांगितलं नाही. नागपूरला शिकलो होतो ना. साक्षीदाराला पढवायचं नसतं, हे मला पाठ होतं. आई आपल्या लेकराचं खरं वय सांगेल, त्यात पढवण्यासारखं काय, असं मला वाटलं. आज मला त्या समितीचा जेवढा तिटकारा येतो, तेवढाच त्या वेळच्या माझ्या शहाणपणाचाही येतो.

समिती यायच्या आधी तुरुंगाला चुना लागला. निरीक्षणगृहात नवा कॅरम आला आणि त्यावरचा प्लास्टिकचा कागद कोणी काढू नये असा हुकूम निघाला. मुलांना एक प्रार्थना शिकवली. समितीत सात जण होते. त्यातल्या एकाने प्रार्थनेला डोळे मिटले ते पुढच्या दोन कार्यक्रमांपर्यंत उघडले नाहीत. दुसऱ्याने स्वयंपाकघरात जाऊन वरण चाखलं आणि “आमच्या घरी असं मिळत नाही हो,” असं म्हणून टाळी मागितली. तुरुंगात ते दहा मिनिटं होते. अध्यक्षांनी विचारलं, “मुलं आहेत का इथे?” तुरुंगाधिकारी म्हणाले, “निरंक, सर.” अध्यक्षांनी मान डोलावली. पोरगा तेव्हा मागच्या वाफ्यातली मेथी खुडत होता. त्याला मुद्दाम तिकडे पाठवलं होतं असंही नाही. एवढा विचार कोण करतंय.

दुपारी विश्रामगृहात बैठक झाली. लांब टेबल, त्यावर फायलींच्या चळती, एका बाजूला समिती, दुसऱ्या बाजूला जिल्ह्याचे अधिकारी. मी भिंतीलगतच्या खुर्चीवर. समितीसोबत आलेल्या सचिवाला मी सकाळीच गाठून सांगितलं होतं की तुरुंगात एक पोरगा आहे, वयाचा वाद आहे, आई बाहेर बसली आहे. त्याने ते अध्यक्षांच्या कानात सांगितलं. अध्यक्षांना असले प्रसंग फार आवडत. “बोलवा त्या माउलीला,” ते म्हणाले, आणि वर्तमानपत्राच्या वार्ताहराकडे बघून त्यांनी चष्मा नीट केला.

ती आली. पदर डोक्यावरून घेतलेला, वहाणा दाराबाहेर काढलेल्या. तिने आधी टेबलावरच्या फायली पाहिल्या. मग समोरच्या रांगेतला दुसरा माणूस पाहिला, आणि ती जागीच थांबली. तो रोजगार हमीचा अधिकारी होता. मागच्याच आठवड्यात बोगस मजूर शोधायला एक पथक तिच्या गावी गेलं होतं आणि त्यात हाच गृहस्थ होता. पथकाने घरोघरी नावं विचारली होती आणि खोटं निघालं तर मजुरी वसूल करू, खटला भरू, असा दम दिला होता. हे मला नंतर कळलं. आधी विचारलं असतं तर आधी कळलं असतं.

“सांगा माउली, तुमच्या मुलाचं वय काय?” अध्यक्षांनी विचारलं.

“अठरा पुरे झाले जी.”

“नक्की?”

“होय जी. मस्टरवर लिवून हाय. तो सोताच खडी फोडे. दुसऱ्या कोनाचं नाव नाई लावलं मी.”

खडी आणि मस्टर मधेच कुठून आलं, हे टेबलावरच्या एकाही आमदाराला कळलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. रोजगार हमीच्या अधिकाऱ्याला कळलं. तो आपली नखं पाहत बसला. आमच्या साहेबांनी माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या.

“आईच सांगते म्हटल्यावर प्रश्नच मिटला,” अध्यक्ष म्हणाले. “आईपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?” वरण चाखणारे आमदार म्हणाले, “बरोबर आहे.” वार्ताहराने ते लिहून घेतलं.

मी उठलो. पाटबंधाऱ्याचं पत्र पिशवीत होतं. “सर, माझ्याकडे एक कागद...” एवढं मी म्हणालो. आमचे साहेब म्हणाले, “नंतर.” अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, ते पुढच्या विषयावर, निरीक्षणगृहाच्या टॉवेलांच्या खरेदीवर, गेले होते. आणि मी बसलो. मला कोणी दाबून बसवलं नाही. मी आपणहून बसलो. पत्र दाखवलं असतं तर त्या बाईवर खोट्या हजेरीची वसुली आली असती, म्हणून मी गप्प राहिलो, असं मी पुष्कळ दिवस लोकांना सांगत असे. पण हे कारण मला खुर्चीवर बसल्यानंतर सुचलं होतं. बसताना डोक्यात फक्त माझी नोकरी होती.

समितीचा अहवाल दीड वर्षाने छापून आला. त्यात आमच्या जिल्ह्याबद्दल ‘अंमलबजावणी समाधानकारक’ असं होतं. टॉवेलांवर अडीच पानं होती. पोरगा तोवर सुटला होता, निकाल लागून नव्हे, तर राखणदार साक्षीला यायचाच बंद झाला म्हणून. जवळजवळ वर्षभर तो त्या बराकीत होता. सुटला तेव्हा त्याचा आवाज फुटला होता, आणि सागवानचोराने त्याला काम दिलं होतं. पुढे तो त्याच कामावर दोनदा पकडला गेला. तेव्हा त्याच्या वयाचा वाद कोणी घातला नाही.

बैठकीच्या दिवशी मात्र यातलं काहीच मला माहीत नव्हतं. चहा झाला, गाड्या सुरू झाल्या, सातही जण गाड्यांत बसून ताडोबाच्या रस्त्याला लागले. धूळ खाली बसली तेव्हा ती बाई फाटकाबाहेर उभी होती. मी दिसताच ती पुढे आली. चेहऱ्यावरची भीती पार गेली होती.

“बराबर सांगतलं ना, भाऊ? एका बी सायबाले शंका नाई आली. आता सोडतीन ना त्याले?”

मी तिला सगळं सांगितलं. हे साहेब हजेरी तपासायला आले नव्हते, पोरगा लहान आहे का तेवढंच त्यांना विचारायचं होतं, तुम्ही चौदा म्हणाला असतात तर तो तुरुंगातून हलला असता. सांगताना मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

“तुमी मले पयले काऊन नाई सांगतलं?”

साक्षीदाराला पढवायचं नसतं, हे माझ्याकडचं उत्तर त्या बाईला देण्याच्या लायकीचं नव्हतं.

“मंग मी आता जाऊन सांगतो,” ती म्हणाली. “चौदाच हाय म्हनतो. मस्टर खोटं हाय म्हनतो. मले धरू द्या धरतेत तं. कुठी गेले ते?”

“जंगलात. वाघ पाहायला.”

तिने रस्त्याकडे पाहिलं, मग पदर खोचून फाटकाच्या भिंतीला टेकून खाली बसली.

“मंग थांबतो मी इथीच,” ती म्हणाली. “वाघ पाहून वापस तं येतीन ना ते?”