भट्टीच्या पाठीमागचा हार

कळंब्याच्या उदयसिंह आबांना ताप कळतो. माणसाचा नव्हे. घरात कुणी फणफणलं तर ते त्यांच्या बायकोला, झुंबरबाईंना कळतं. आबांना फक्त जेवायला उशीर झालेला कळतो. त्यांना कळतो तो भट्टीचा ताप. बत्तीस वर्षं फौंड्रीत वितळलेल्या लोखंडापुढं उभं राहून ते निवृत्त झाले, तेव्हा शाल, श्रीफळ आणि हा समज घेऊन घरी आले. नारळाची त्याच दिवशी चटणी झाली, शाल मांजरानं घेतली. समज तेवढा टिकला.

सून निशिगंधानं परसातल्या शेडात मातीची भांडी भाजायची विजेची भट्टी बसवली आणि दुसऱ्याच दिवशी आबांची खुर्ची तिच्यापुढं जाऊन बसली. काळा चष्मा लावून दारातल्या भोकातून आत बघायचं आणि रंगावरून आकडा सांगायचा, हे काम त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं. गल्लीत सांगत, "सुनंचा कारखाना मीच बघतोय की." खोटं नव्हतं. बघतच होते. पण त्या खुर्चीवर बसलं की माणूस पुन्हा कामावर गेल्यासारखा दिसायचा, हेही खरं.

दसरा झाला आणि भट्टी बिघडली. राजवीर नावाच्या हॉटेलवाल्यानं तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी दोनशे वाट्या सांगितल्या होत्या. भट्टीचा ताप दाखवणाऱ्या मीटरवर आकडा बरोबर, हजार पन्नास अंश. दार उघडावं तर वाट्या वितळून बसलेल्या, काही फळीलाच चिकटलेल्या. राजवीरनं एक हातात घेऊन फिरवली.

"वहिनी, ह्यात रस्सा वाढायचा, का ह्या रंकाळा तळ्यात सोडायच्या?"

आबांना तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "मी बोललो का न्हाय? रंग पिवळा झालता! हजार पन्नासला नारिंगी असतो. मीटर खोटं, डोळा खरा!"

आता गंमत अशी, की म्हातारा खरंच बोलला होता. निशिगंधानंच ऐकलं नव्हतं. त्यामुळं आबांना जो चेव आला तो विचारू नका. मीटर खोटं का झालं याचा तपास त्यांनी हाती घेतला. पहिल्या दिवशी वीज मंडळ दोषी ठरलं, दुसऱ्या दिवशी भट्टीची कंपनी, आणि तिसऱ्या दिवशी खुद्द झुंबरबाई, कारण त्या कोमट भट्टीच्या माथ्यावर सांडगे वाळत घालायच्या.

"हिच्या सांडग्यानं वाटोळं केलं!" आबा राजवीरदेखत गरजले. "ज्याच्या हातनं ही भट्टी बिघडली, त्यानं ह्या शेडात परत पाय ठिवायचा न्हाय!"

"कुणी का असंना?" झुंबरबाईंनी विचारलं.

"कुणी का असंना!"

"ऐकलंसा न्हवं सगळ्यांनी?" म्हणत त्यांनी सांडगे उचलले.

दुसऱ्या दिवशी खिजर आला. फौंड्र्यांची वायरिंग करणारा पोरगेला मिस्त्री. मागच्या भाजणीत निशिगंधानं वरच्या, मधल्या आणि खालच्या फळीवर मातीचा एकेक बारका सुळका ठेवला होता. ठरलेला ताप झाला की तो वाकतो. तिन्ही पार आडवे झालेले बघून खिजर म्हणाला, "वर-खाली सारखंच हाय. म्हंजी कॉइली बऱ्या हायत. आत ताप जादा, मीटरला दिसतोय कमी." आणि तो भट्टीच्या मागं गेला.

तिथं पाठीतून आत एक दांडी जाते. तिचं टोक आत भाजतं आणि ताप मीटरला कळवतं. दांडी चांगली दीड बोट बाहेर ओढली गेली होती.

"काका, टोक विटंच्या पोटात अडकलंय. आतलं ह्येला काय कळणार?" खिजर वाकला. "आन् हे काय लटकलंय?"

वाळून काळा पडलेला झेंडूचा हार. खंडेनवमीचा.

त्या दिवशी यंत्राची पूजा करायचा मान कुणाचा, हे सांगायची गरज नव्हती. हार पडू नये म्हणून आबांनी दांडीलाच आवळला होता, जोर लावून.

"गाठ फौंड्रीची दिसतीया," खिजर म्हणाला.

झुंबरबाईंनी बाहेर न्यायला खुर्चीची पाठ धरली.

"सोड," आबा म्हणाले. "मी नेतो." आणि खुर्ची उचलून बाहेर गेले. दुपारचा चहा त्यांनी घेतला नाही.

खिजरनं दांडी आत सरकवून घट्ट बसवली. पंधरा दिवसांनी नव्या वाट्या भट्टीत लागल्या. निशिगंधा भट्टी सुरू करून वळते तर खुर्ची शेडाच्या उंबऱ्यावर! आबा तिच्यात बसलेले, दोन्ही पाय बाहेर, तोंड रस्त्याकडं, पाठ भट्टीकडं. दिल्या शब्दाप्रमाणं पाय आत नव्हता. डोळ्यावर काळा चष्मा आणि हातात झुंबरबाईंचा कुंकवाचा आरसा. त्यात भट्टीचं भोक धरलेलं.

निशिगंधाला हसू आवरेना. तरी संध्याकाळी भट्टी भरात आल्यावर तिनं मोठ्यानं विचारलं, "मामा, कुठवर आलं?"

आबांनी आरसा जरा कलता केला, मान डोलावली. "नारिंगी. हां... कर बंद!"

मीटरचा आकडा भरून भट्टी क्षणभर आधीच आपली आपण टक्कन बंद झाली होती. कुणी त्यांना सांगितलं नाही. झुंबरबाई आतून एवढंच ओरडल्या, "आरसा पुसून जाग्यावर ठेवा!"