रजेचं कारण दात

जनावरांच्या दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. लोक ते दावणीसकट आणून आपल्या दारात बांधतात! मी मात्र सांगणार आहे ते आमचे स्वतःचे, दवाखान्यातल्या माणसांचे.

आमचा दवाखाना शेलूबाजारच्या जवळ. आमच्या डॉक्टर म्हणजे मॅडम, परिचर म्हणजे गजाननभाऊ आणि मी पर्यवेक्षक. गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करणं हे माझं रोजचं काम. आणि माझ्या घरी लग्नाला इतकी वर्षं होऊनही पाळणा हललेला नव्हता. प्रज्ञाची, म्हणजे माझ्या बायकोची, अकोल्याला ट्रीटमेंट सुरू झाली तेव्हा मला सगळ्यात अवघड काय वाटलं असेल, तर रजा मागणं! पंचक्रोशीतल्या गोठ्यांत वासरं खेळवणाऱ्या माणसाने हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून मी कारण सांगितलं, दाताचं काम. पुढच्या वेळी पुन्हा दात. मग रूट कॅनल. मग अक्कलदाढ!

एक दिवस मॅडम म्हणाल्या, "इंगोले, तोंड उघडा बघू."

जनावराच्या डॉक्टरसमोर मी मुकाट्याने आ केला. त्यांनी टॉर्च मारला.

"सगळे जागेवर आहेत की! अकोल्याचा डॉक्टर करतो तरी काय?"

मग मला सगळं सांगावंच लागलं. मॅडमनी टॉर्च बंद केला. म्हणाल्या, "जनावराची वेळ चुकवू नका, वेळ चुकवू नका, असं गावभर सांगत फिरता आणि स्वतः इथे कारणं शोधत बसता? निघा! लसीकरणाचं मी बघते."

*

अकोल्याच्या त्या हॉस्पिटलात सगळी जोडपी खाली मान घालून बसलेली असत. कोणी कोणाकडे बघत नसे. अशा शांततेत गजाननभाऊंचा फोन आला. माझ्या मोबाइलचा स्पीकर बिघडलेला. फोन उचलला की तो आपोआप गावजेवणाची हाक दिल्यासारखा ओरडायचा.

"साहेब! मेडशीवाल्याची म्हैस माजावर हाये! तुमी कवा येता?"

अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. प्रज्ञाने पदरात तोंड लपवलं. तेवढ्यात शेजारचा माणूस खुर्ची सरकवून जवळ आला.

"भाऊ, आमची जर्सी सारखी उलटून राह्यली, गाभणच राहत नाई. काय कराव?"

त्याची बायको फटकन म्हणाली, "अवो, इथं कायले आलो आपण? गायीसाठी का?"

आधी प्रज्ञा हसली. मग ती बाई हसली. मग सगळा हॉल. त्यानंतर त्या हॉलमध्ये डब्यांची देवाणघेवाण सुरू झाली!

*

इंझोरीचे बाबाराव खरवस घेऊन आले. त्यांची गाय व्याली होती.

"साहेब, तुमच्या हाताले यश हाये! तुमाले लेकरं किती?"

मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. गजाननभाऊंनी बाबारावांच्या हातातून डबा घेतला.

"बाबाराव, खरवस ठेवा अन् चौकशी घरी घिऊन जा!"

*

पहिल्या खेपेला यश आलं नाही. प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. "नाई झालं," एवढंच म्हणाली. फोन ठेवून मी बैलाच्या खुराला पट्टी बांधत राहिलो. सुटलेली पट्टी पुन्हा बांधली, ती पुन्हा सुटली.

मॅडमनी माझ्या हातातून पट्टी घेतली. "घरी जा."

"आता जाऊन काय करू, मॅडम? अकोल्याच्या हॉस्पिटलात तर आता काही काम नाही."

"तिच्याजवळ बसा."

"रजेचं कारण काय लिहू?"

"दात लिहा!"

त्या संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसलो. प्रज्ञाने तुरीच्या शेंगा सोलल्या, मी दाणे खाल्ले.

*

दुसऱ्या खेपेच्या रिपोर्टच्या दिवशी मॅडमनी न मागता रजा दिली. नाकारली ती प्रज्ञाने! "तुमी घरात येरझारा घालता अन् माह्या जिवाले घोर लागते. जा, कामावर जा. मी आईसंग जातो."

म्हणून मी कौसामावशीच्या गोठ्यात होतो. गाय गाभण आहे की नाही ते बघायचं होतं. मावशीने गायीचं तोंड धरलेलं, गजाननभाऊंनी शेपूट. मी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला आणि हात आत घातला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्याचा स्पीकर मी एव्हाना दुरुस्त करून घेतला होता. गजाननभाऊंनी तो काढून माझ्या कानाला लावला.

"अवो, राह्यलं!" प्रज्ञा रडत होती. "रिपोर्ट चांगला आला!"

माझा हात जिथल्या तिथे थांबला. डोळ्यांना धारा लागल्या, त्या पुसायलाही हात मोकळा नव्हता. एक गायीत, दुसरा तिच्या पाठीवर.

मावशी घाबरली. "काय झालं, साहेब? काई वाईट हाये का?"

मी मान हलवली. "नाही, मावशी. राहिलं! राहिलं!"

मावशी गायीचं तोंड सोडून घरात पळाली आणि गुळाचा मोठा खडा आणून तिने माझ्या तोंडात कोंबला. दुसरा गजाननभाऊंच्या. तिसरा गायीच्या.

गजाननभाऊ गूळ चघळत म्हणाले, "मावशे, गायीचं तं पाह्यचंच हाये अजून!"

मावशीने माझ्या हाताकडे पाहिलं, मग गायीकडे, मग माझ्या तोंडाकडे.

"मंग इतका वेळ कोनाचं पाहून राह्यला होता हा?"