घोटभर पाणी आणि इंग्रजीचा तास

स्टाफरूममध्ये चहा आला की एक किस्सा निघतो आणि तो संपायच्या आत मागचे चार घुसतात, स्वारगेटला लोक बसमध्ये घुसतात तसे. यंदा माझ्याकडे इतके जमलेत की सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज हसू येतं. तेव्हा मात्र प्रश्न नोकरीचा होता!

कोथरूडच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. म्हणजे दरवर्षी नव्याने नेमणूक. आमचे विभागप्रमुख देशमुख सर सुरुवातीलाच म्हणाले, "मॅडम, मुलं इंग्रजी बोलत नाहीत अशी तक्रार आहे. दिवाळीनंतर मी तुमच्या तासाला मागे बसेन. बोलली, तर पुढच्या वर्षी तुम्ही आहात." नाही बोलली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. पुण्यात ते सांगायची पद्धत नाही.

* * *

पहिल्याच तासाला विचारलं, "व्हॉट डिड यू डू ऑन संडे?" सगळा वर्ग खाली बघायला लागला. मला ती शांतता सोसेना. मीच माझा रविवार सांगितला, मग नवऱ्याचा, मग सासूबाईंचा. तास संपला.

शेजारच्या वर्गातले शेख सर बाहेर भेटले. निवृत्तीला आलेले, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "छान झाला तास. तुमचं इंग्रजी सुधारतंय."

* * *

उपायही त्यांनीच सांगितला. प्रश्न विचारायचा आणि पाण्याचा घोट तोंडात धरायचा. कुणी बोलेपर्यंत गिळायचा नाही. मला थट्टाच वाटली, पण माझ्या जिभेला दुसरा लगाम नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारून गाल फुगवून उभी राहिले. वर्ग चिडीचूप. नुसता पंख्याचा आवाज. शेवटी मागच्या बाकावरची अश्विनी उठली. हिंजवडीच्या पलीकडच्या गावातून येणारी, हजेरीलासुद्धा नुसता हात वर करणारी. माझा जीव भांड्यात पडला.

ती म्हणाली, "मॅडम, दाढ दुखती का? माझ्याकडं लवंग हाय."

* * *

मग पोरांना युक्ती कळली आणि त्यांनी ती माझ्यावरच उलटवली. मी घोट घेतला की सगळे मुद्दाम गप्प. मॅडम कधी गिळतात, यावर वडापावची पैज!

एकदा मला शिंक आली. पहिल्या बाकावरचा रोहन पार भिजला आणि ताडकन उठून म्हणाला, "मॅम, धिस इज नॉट फेअर!"

वर्षातलं पहिलं इंग्रजी वाक्य! मी टाळ्या वाजवल्या. त्याने रुमाल मागितला, तोही इंग्रजीत.

* * *

त्यानंतर एकेक जण तोंड उघडू लागला. अश्विनी मात्र गप्पच. एकदा दारात अडवून विचारलं, तर म्हणाली, "मला येतं, मॅडम. पण वाक्य मनात जुळवतीय तोवर दुसरंच कुणीतरी बोलून मोकळं होतं."

मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून भराभर बोलणाऱ्यांनाही घोट सक्तीचा केला. रोहनने निषेध नोंदवला. त्याला दोन घोट दिले.

* * *

आणि दिवाळीनंतरचा तो तास. देशमुख सर पेन काढून शेवटच्या बाकावर, अश्विनीच्या शेजारी बसले. सरांना बघून पोरांची बोबडी वळलेली. मी विचारलं, "व्हाय डू पीपल लीव्ह देअर व्हिलेज?" आणि घोट घेतला.

कुणी बोलेना. रोहनसुद्धा बाकाकडे बघत होता. पुढच्या वर्षी घरी बसलेली मी मला दिसायला लागले. घोट गिळावा आणि बोलत सुटावं, असं फार वाटलं. एवढ्यात अश्विनीचा हात अर्धवट वर आला. ओठ हलले.

आणि सरांनाच राहवलं नाही. ते उभे राहून स्वतः उत्तर देऊ लागले. शेतीपासून निघाले, नागरीकरणापर्यंत पोचले, थांबायचं नाव नाही. माझं तोंड पाण्याने भरलेलं. आणि विभागप्रमुखांना थांबवणार कोण?

अश्विनी उठली. स्वतःची बाटली उघडून तिने सरांच्या हातात दिली.

"ड्रिंक सम वॉटर, सर," ती म्हणाली. "आय ॲम स्टिल थिंकिंग."