देणग्या परत करणाऱ्या बाई

"तुमच्या त्या बाईंची पट्टी पुन्हा मागे गेली," आमच्या ऑफिसातला दाढीवाला म्हणाला, आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला.

आमचं काम तसं साधं. लहान लहान सेवाभावी संस्थांना इंटरनेटवर देणगीदार मिळवून द्यायचे. संस्थेचं एक पान बनवायचं, त्यावर फोटो, हकिकत, कशासाठी पैसे हवेत ते, आणि खाली एक हिरवी पट्टी. देणग्या येतील तशी पट्टी पुढे सरकते. अहो, पुढेच सरकते! मागे जाणारी पट्टी कुणी पाहिलीय का? दाढीवाल्याने बिचाऱ्याने अख्खा दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. चूक प्रोग्रॅममध्ये नव्हतीच, बाईंच्या डोक्यात होती.

बाई म्हणजे साठी ओलांडलेल्या, काटकुळ्या, पांढऱ्या केसांचा अंबाडा घट्ट बांधलेल्या. पूर्वी एका हॉस्पिटलात रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायच्या. तिथून निवृत्त झाल्या आणि बंद पडलेल्या एका छापखान्याच्या हॉलमध्ये त्यांनी चालता न येणाऱ्या मुलांसाठी केंद्र काढलं. जमिनीवर गाद्या, भिंतीला कमरेच्या उंचीवर लोखंडी दांडे, आणि मुलांना बसल्या बसल्या दिसेल असा खाली लावलेला आरसा. फी नाही. मुलांना घरून आणायला एक गाडी होती, तिचं इंजिन बसलं. तेव्हापासून लांबची मुलं घरीच. घरी बसली की त्यांचे स्नायू आखडतात, कमावलेलं सगळं महिन्याभरात जातं. एका गॅरेजवाल्याकडे जुनी पण धडधाकट गाडी होती, मागून चाकाची खुर्ची चढवता येईल अशी. "शनिवारपर्यंत थांबतो, मग दुसरं गिऱ्हाईक आहे," त्याने सांगितलेलं.

म्हणून मी बाईंचं पान बनवलं. हकिकत मी लिहिली. देणग्या छान येऊ लागल्या. मग मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला. म्हटलं, "बाई, प्रत्येक देणगीदाराला स्वतः फोन करून आभार माना. माणूस जोडला जातो." आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. बाईंनी तो मनावर घेतला, पण कसा? आभार मानून झाले की यांची उलटतपासणी सुरू. घरी कोण कोण? काय करता? पगार वेळेवर होतो का? आजारपण काही? आणि समोरच्याचं उत्तर यांना पटलं नाही की, "मग तुमचे पैसे तुमच्याजवळच ठेवा." आणि लगेच परतीचं बटण. हेही मीच दाखवलेलं, कुणाकडून चुकून दोनदा पैसे गेले तर असावं म्हणून!

एका शिलाईवालीचे परत. एका टॅक्सीवाल्याचे परत, कारण त्याने कर्जाच्या हप्त्याचं नाव काढलं. वसतिगृहातल्या एका पोरीला तर वर सल्ला दिला, "परीक्षेची फी भर आधी." माझे साहेब म्हणाले, "या बाईंना आवरा, नाहीतर आपलंच हसं होईल." आवरा म्हणे! त्यांना आवरणारा अजून जन्मायचाय.

गुरुवारी मी तणतणतच केंद्रावर गेले. बाई गादीवर मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर एका मुलीचा पाय. सगळे तिला चिमणी म्हणतात. तिच्या आईने तिला त्या दिवशी दोन बस बदलून, कडेवर घेऊन आणलं होतं. आई कोपऱ्यात दंड दाबत बसली होती.

"बाई, परवा शनिवार आहे."

"माहितीय. हे बघ, हिची टाच टेकत नाहीये. गाडी बंद पडायच्या आधी दांडा धरून उभी राहायची ही."

"तेच म्हणतेय मी! आणि तुम्ही आलेले पैसे परत पाठवताय?"

"ज्याच्या घरी वाण्याची उधारी आहे, त्याच्या पैशाच्या गाडीत मी मुलं बसवू?"

"त्याने दिलेत ना स्वखुशीने! तुमचा हट्ट मोठा की हिचा पाय?" माझा आवाज चढला तशी चिमणी माझ्याकडे टकामका बघायला लागली.

बाई पाय चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू चहा घेतलास का?"

मी हात टेकले. कपाळ बडवून घ्यावं की त्यांचा फोन खिडकीबाहेर फेकावा, काही सुचेना.

घरी आले तर तिथे वेगळंच नाटक. सासूबाई तोंड फुगवून बसलेल्या, पुढ्यात फोन उपडा ठेवलेला.

"काय झालं, आई?"

"तुझ्या त्या बाईंनी माझे पैसे परत पाठवले."

मी उडालेच. यांनी पैसे पाठवले कधी? सासूबाईंना फोनवरून पैसे देता येतात ते भाजीवाल्यापुरते, असा माझा समज. पण माझं लिखाण त्यांनी वाचलं होतं आणि साठवलेलं सगळं गुपचूप पाठवून दिलं होतं. मग बाईंचा फोन आला. विचारलं तशी यांनी खरी खरी उत्तरं दिली. यजमान नाहीत. स्वतःची कमाई नाही. मुलाकडे राहते. झालं!

"आई नापास!" नवरा खो खो हसला. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने आत गेला.

"उद्या मला तिथे घेऊन चल," त्या म्हणाल्या.

मनातून मला बरंच वाटलं. म्हटलं, होऊन जाऊ दे. माझं ऐकत नाहीत ना, आता भेटा सव्वाशेराला.

शुक्रवारी केंद्रावर पोचलो तेव्हा बाई दांडे पुसत होत्या. मी ओळख करून दिली. बाई जरा ओशाळल्या. "तुझ्याच सासूबाई का? मला काय माहीत! पण बरोबरच केलं मी. या वयात जवळ चार पैसे असलेले बरे."

सासूबाई बसल्या नाहीत. "फोनवर तुम्ही विचारलंत, मुलं किती. मी एक म्हटलं. तेवढं खोटं बोलले. दोन."

नवऱ्याच्या आधी एक बहीण होती, लहानपणीच गेली, इतकंच त्याने मला लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं. घरात तिचा फोटोही नाही.

"थोरली मुलगी. कधी उभीच राहिली नाही. नऊ वर्षांची होऊन गेली. ती असताना कुणी सांगितलं, लांबच्या गावी एक डॉक्टर आहेत, व्यायाम करून घेतात. मी पैसे जमवले. तर सासू, दीर, आमचे हे, शेजारीपाजारी, सगळे एकच म्हणायचे. हिच्यावर कशाला घालवतेस, जवळ ठेव, उपयोगी पडतील." त्यांनी पदराने तोंड टिपलं. "मी ठेवले. काल तुम्हीही तेच म्हणालात, जवळ ठेवा."

बाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्या म्हणाल्या, "माझं चुकलं. पाठवा परत. घेते मी."

"असं नाही. मागा."

"काय?"

"मागा माझ्याकडे. त्या पोरीसाठी माझ्याकडे कुणी कधी काही मागितलं नाही."

बाई आयुष्यात कुणापुढे हात पसरायच्या नाहीत, हे मला ठाऊक होतं. पानावरचं मागणंसुद्धा माझ्या शब्दांतलं होतं. त्यांचा चेहरा लाल झाला. फडकं खाली ठेवून त्या सासूबाईंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मुलांना आणायला गाडी हवीय हो. पैसे कमी पडतायत. तुम्ही द्याल का?"

इतकी वर्षं मी लोकांना मागायला शिकवते. त्या दिवशी मला रडू आवरेना.

"देते," सासूबाई म्हणाल्या आणि पर्समधून चष्मा काढला.

मग बाईंनी शिलाईवालीला फोन लावला. तिने आधी चांगलं झापलं, मग दिले. टॅक्सीवाल्याचे निम्मे खर्च होऊन गेले होते, त्याने उरलेले दिले. वसतिगृहातल्या पोरीला मात्र बाईंनी केलाच नाही फोन. मीही गप्प बसले. शनिवारी दुपारी गॅरेजवाल्याच्या हातात पैसे पडले तेव्हा सासूबाई मुद्दाम माझ्याबरोबर आल्या. गाडीत चढल्या, मागच्या सीटवर थोडा वेळ एकट्याच बसल्या.

संध्याकाळी घरी आलो तर नवरा दारातच. "काय गं आई, सुट्टीच्या दिवशी दोघी गेला होतात कुठे?"

"गाडी घ्यायला."

"गाडी? कुणासाठी?"

"तुझ्या ताईसाठी," त्या म्हणाल्या आणि चपला काढू लागल्या.

तो हसला नाही. तिथेच उंबऱ्याशी खाली बसला आणि आईच्या चपला हातात घेऊन म्हणाला, "आई, तिचं नाव काय होतं गं?"