डिचोलीतल्या केसाएवढ्या झडपा

किस्से काही जमवावे लागत नाहीत, काम अडलं की आपोआप साचतात. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये काम सारखंच अडायचं, त्यामुळे साठा भरपूर!

आम्ही तिघं: साहेब, मुळगावचा शांबा आणि मी. रक्ताचा थेंब तपासणाऱ्या चिपसाठी सिलिकॉनच्या केसाएवढ्या झडपा करायचो. हवा दिली की बंद, सोडली की उघडी. पुण्याच्या कंपनीनं एक तरी नमुना पास केला तर शेड चालणार, नाही तर कुलूप आणि शांबा परत खाणीच्या ट्रकवर. त्याला ते मरणाचं नको होतं.

* * *

पुण्याचे पाहुणे मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाले, "झडपेत हे लाल काय?"

बाहेरून खनिजाचे ट्रक लाल धूळ उडवत धडधडत चालले होते. शांबा म्हणाला, "तो आमचो गांव, सर!"

नमुना नापास. तरी आम्ही हसलो. तेव्हा हसायला जमायचं.

* * *

आईला कोरगावहून मुद्दाम आणून झडप दाखवली. तिनं चष्मा पुसून लेकीची करामत दोनदा पाहिली.

"चेडूं कितें करता म्हणून कोणें विचारलें जाल्यार सांगूं कितें? दिसना तें करता?"

* * *

एकदा साहेबांना शिंक आली आणि कागदावरची झडप गेली! आम्ही तिघं जमिनीवर रांगतोय. साहेब ओरडतायत, "कोणी श्वास घेऊ नका!"

शेवटी शांबाला ती सापडली. साहेबांच्या मिशीत.

* * *

शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेआधी शांबानं धोंडाचं, म्हणजे जत्रेत निखाऱ्यांवरून चालणाऱ्या भक्ताचं, व्रत धरलं. सोवळं कडक, दुसऱ्यांनी हाताळलेलं चालेना. म्हणून आमच्या खोक्यातले हातमोजे सोडून त्यानं दुकानातून नवे कोरे रबरी मोजे आणले, त्याच हातांनी साचा पुसला आणि शेवटच्या नमुन्याचं सिलिकॉन ओतलं. रबरातल्या गंधकानं ते घट्टच होईना. चिकट! दुसरं सिलिकॉन उरलं नव्हतं.

साहेब रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "ट्रे भट्टीत राहू दे," म्हणाले. "जत्रेपर्यंत बघू."

निघताना शांबा म्हणाला, "आई लईराईक सांगतां. निखाऱ्यांर म्हजे पाय भाजूं, पूण ताच्या बदलाक हें घट जांव."

जत्रेनंतर तो शेडच्या पायरीवर बसलेला दिसला. गळ्यात मोगऱ्याचे हार, डोळे भरलेले. ट्रे बघायला तो आत गेलाच नव्हता.

"भाजलें काय रे?" मी घाबरून विचारलं.

त्यानं दोन्ही तळपाय माझ्यासमोर धरले.

"ना गे प्रमिला. एक फोडसुद्दां ना!"