पिल्लू उडालं आणि मी गेटवर उभी

मंडळी, आज दारूगोळा फॅक्टरीतली पाळी संपल्यावर गेटवर जमा केलेला मोबाईल परत मिळाला आणि मी तिथेच वाचत उभी राहिले.

माझे बाबा याच फॅक्टरीतून रिटायर झाले. सध्या कोकणात ताईकडे आहेत, एका छोट्या बेटावर. रोज काय काय दिसलं ते कळवतात. परवा लाल खेकडे, काल डॉल्फिन. समुद्री गरुडाचं पिल्लू उडताना बघायला मीही जाणार होते. पण लढाई लागली आणि सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या.

आजचा मेसेज होता, "पिल्लू उडालं बेटा! तू काय करून राहिली?"

मागून गार्ड ओरडला, "दीदी, आगे बढ़िए!"

आतलं बाहेर सांगायचं नसतं. मी लिहिलं, "काही नाही, बाबा."

लगेच उत्तर आलं, "समजलं."

लहानपणी बाबा घरी आले की मी रोज विचारायचे, "आज काय केलं?" डबा ठेवत ते म्हणायचे, "काही नाही." मला इतका राग यायचा! वाटायचं, यांना माझ्याशी बोलायचंच नसतं.

आत्ता घरी हे लिहिताना माझी लेक शेजारी येऊन बसली आहे. विचारते, "आई, आज काय केलं तू?"

तुम्हीच सांगा, काय सांगू?